माल क्विंटलात, ट्रॉली फुटात

राज्य पणन मंडळाच्या रोजच्या भावपत्रकात वाशीम बाजार समितीच्या नावापुढे जोडरेघ देऊन ‘अनसींग’ अशी वेगळी ओळ छापलेली असते. वाशिम-पुसद रस्त्यावरच्या या गावाची बाजारातली ओळख ती. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळ्याची आवक क्विंटलात आणि भावही क्विंटलाचा. काट्यावर किलो-दोन किलोंची घट निघाली तरी हुज्जत होते, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव ढासळतो. वजनाच्या बाबतीत इतका डोळस असलेला शेतकरी तोच माल ज्या ट्रॉलीतून आणतो, तिचे माप विचारले तर मात्र उत्तर फुटांत मिळते: दहा बाय सहा, दोन फुटांचा फाळका. मुरूम टाकायचा असला तर ब्रासमध्ये. लांबी, रुंदी, उंची सगळे ठाऊक, पण ती किती टन पेलण्यासाठी बांधली आहे हे घेणाऱ्याला माहीत नसते आणि बऱ्याचदा बांधणाऱ्यालाही नसते. ट्रॉलीच्या खरेदीतला बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. ट्रॉली टनांत मागवावी आणि ॲक्सलपासून वर मोजत यावी, हौद्यापासून खाली नव्हे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. पण त्याला आडवे येणारे आक्षेप बरेच आहेत आणि त्यातले काही रास्तही आहेत.

आधी हिशेब पाहू. दहा बाय सहाचा दोन फूट खोल हौदा म्हणजे १२० घनफूट, सुमारे ३.४ घनमीटर. मोकळे सोयाबीन घनमीटरला पाऊण टनाच्या आसपास भरते. म्हणजे फाळक्याच्या काठापर्यंत सोयाबीन भरले तरी भार अडीच टन, २५ क्विंटल. आता त्याच हौद्यात काठोकाठ कोरडी वाळू भरा. ती घनमीटरला सुमारे १.६ टन, म्हणून भार ५.४ टन, ओली असली तर आणखी जास्त. हौदा तोच, भरल्याची रेघ तीच, ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांना दिसणारे चित्रही तेच, पण ॲक्सलवरचे ओझे दुपटीहून अधिक. हंगामात सोयाबीन वाहणारी ट्रॉली उन्हाळ्यात घराच्या पायव्यासाठी मुरूम, गिट्टी, विटा वाहते. तिला घन मापाने ओळखणारा मालक दोन्ही वेळा ‘एक ट्रॉली’ असेच म्हणतो. जुन्या बंडीला हा धोका कमी होता, कारण ओझे जास्त झाले की बैल थांबायचा. ट्रॅक्टर थांबत नाही; खालच्या गिअरमध्ये तो कण्हत का होईना ओढतो, आणि ओढला जातो म्हणून भार योग्य आहे असा समज होतो. ओढण्याची ताकद इंजिनाची, पेलण्याची ट्रॉलीची आणि थांबवण्याची ब्रेकची. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अश्वशक्तीच्या आकड्यातून त्यातली एकच कळते.

मग मजबूत ट्रॉली म्हणजे काय? बाजारातले रूढ उत्तर ‘जाड पत्र्याची’. फाळक्यावर मूठ आपटून आवाज ऐकणारे गिऱ्हाईक कुठल्याही वर्कशॉपला परिचित आहे. पत्र्याचा हिशेब असा की त्याच दहा बाय सहाच्या हौद्यात तळ आणि चारही बाजू मिळून सुमारे साडेअकरा चौरस मीटर पत्रा लागतो. जाडी एका मिलिमीटरने वाढवली की वजन ९० किलोंनी वाढते. त्या ९० किलोंनी पत्रा पोचे येण्यापासून वाचतो, गंज आरपार जायला जास्त वर्षे लागतात, पण ट्रॉलीची भार पेलण्याची ताकद फारशी वाढत नाही, कारण भार तळाच्या पत्र्यावरून आडव्या पट्ट्यांवर, तिथून उभ्या चॅनेलवर, कमानींवर आणि शेवटी ॲक्सलवर उतरतो. आता खाली पाहा. ७५ मिलिमीटर उंचीचे चॅनेल मीटरला साधारण ६.८ किलो भरते, १०० चे ९.२ किलो. तीन-तीन मीटरच्या दोन लांब तुळयांसाठी फरक पडतो जेमतेम १५ किलोंचा. पण वाकण्याला विरोध करण्याची क्षमता वाढते ८० टक्क्यांहून अधिक, कारण तुळईची ताकद तिच्या वजनापेक्षा तिच्या उंचीवर जास्त अवलंबून असते. घराची कडी आडवी न टाकता उभी टाकणाऱ्या सुताराला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. भरीव चौकोनी ॲक्सलचे गणित तर याहून बोलके आहे. तिथे ताकद बाजूच्या घनाच्या पटीत वाढते. ६५ मिलिमीटरऐवजी ७५ घेतला तर ताकद दीडपटीच्या वर जाते, आणि सहा फुटांच्या ॲक्सलला जास्तीचे लोखंड लागते सुमारे २० किलो. म्हणजे तळाखाली ३५ किलो घातल्याने जे मिळते ते वर ९० किलो घालून मिळत नाही. त्याशिवाय ट्रॉलीचे स्वतःचे वजन वाढले की तेवढा माल कमी आणि तेवढे डिझेल जास्त, तेही रिकाम्या फेरीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आमच्याकडच्या रस्त्यांना जडच ट्रॉली लागते. पावसाळ्यातली काळी माती, पाणंद रस्त्यावरच्या चाकोऱ्या, नाल्यातली उतरण, यात हलकी ट्रॉली पिळवटते हे खरे. पण पिळवटण्यावर उपाय जाडीचा नसून बांधणीचा आहे. चॅनेल आणि आडव्या पट्ट्या जिथे मिळतात तिथे कोपऱ्यात त्रिकोणी तुकडे आहेत का, दांडी चौकटीच्या पुढच्या पट्टीला नुसती चिकटवली आहे की आत दोन-तीन पट्ट्यांपर्यंत नेऊन बांधली आहे, वेल्डिंग सलग आहे की मध्ये मध्ये टाके मारून वर पुट्टी फासली आहे, यावर ते ठरते. तडा जातो तो बहुतेक दांडीच्या मुळाशी नाहीतर कमानीच्या ब्रॅकेटजवळ, फाळक्याला कधीच नाही. म्हणूनच ट्रॉली रंग मारण्याआधी पाहायला जावे. एकदा लाल रंग चढून वर मालकाचे नाव आणि देवाचे चित्र आले की आतले काही दिसत नाही. चिखलाचा प्रश्न तर जडपणाने वाढतोच. तिथे रुंद टायर, त्यातली नेमकी हवा आणि जमिनीपासूनची उंची उपयोगी पडते. टायरच्या कडेवर तो किती भार किती हवेला पेलतो हे छापलेले असते. ट्रकमधून उतरवलेले घासलेले टायर घेताना तो मजकूर उरला आहे का, एवढे तरी बघावे.

दुसरा आक्षेप ब्रेकचा, आणि इथे जरा थांबायला हवे. आपल्याकडच्या शेतीच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. ‘ट्रॅक्टर पंचवीसच्या वेगाने चालतो, त्याला कशाला हवेत?’ असे म्हटले जाते. साधारण ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांचा असतो. एकटा असताना तो ताशी २५ किलोमीटर वेगावरून आठेक मीटरमध्ये थांबतो असे धरू. मागे दीड टनाची ट्रॉली आणि तिच्यात पाच टन माल असला तर थांबवायचे वजन साडेआठ टन होते, सव्वाचारपट. थांबवणारी ताकद ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचीच असेल, तर तेच आठ मीटर हिशेबाने चौतीस मीटरपर्यंत जातात. ट्रॉलीच्या दांडीचा थोडा भार मागच्या चाकांवर येत असल्याने प्रत्यक्षात अंतर थोडे कमी भरेल; उतार किंवा ओला रस्ता असेल तर खूप जास्त. आणि अंतर हा निम्माच प्रश्न. ट्रॅक्टर थांबू पाहतो, मागचे साडेसहा टन पुढे येऊ पाहतात, आणि दांडी जरा जरी तिरकी असेल तर ते ट्रॅक्टरला बाजूला ढकलतात. ट्रॉली पुढे सरकून ट्रॅक्टर आडवा होतो तो असा, आणि चालकाला काही करायला वेळच उरत नाही. त्यामुळे वेग कमी आहे हे उत्तर पुरत नाही. धोका वेगाचा नाही, वजनांच्या प्रमाणाचा आहे. ब्रेक सांभाळावे लागतात, लायनर झिजतात, चिखलाने जाम होतात, ही तक्रार मात्र खरी आहे. तिच्यावरचा मध्यममार्ग असा की ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जड भार नेहमी न्यायचा असेल तर ब्रेकची ट्रॉलीच घ्यावी. ते जमत नसेल तर दोन फेऱ्या कराव्यात. उभी ट्रॉली रोखायला दगडाची उटी पुरते, चालती रोखायला नाही.

धान्य आणि मुरूम एका जागी, यंत्रे वेगळ्या जागी. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशिम जिल्हा आहे. त्या आणि इतर योजनांतून गटांच्या अवजार बँका उभ्या राहिल्या, तेव्हापासून एका गावचे यंत्र दुसऱ्या गावच्या वावरात नेण्याची गरज वाढली. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला मागे टांगून जातो, हडंब्याला स्वतःची चाके असतात, पण पॉवर टिलर, डिझेल इंजिन, जनरेटर, पंप, लहान रोलर, कापणी यंत्रे यांना ट्रॉलीच लागते. सोयाबीनचा भार तळावर सारखा पसरतो. अर्ध्या टनाचे यंत्र चार पायांवर उभे असते आणि ते पाय दोन पट्ट्यांच्या मधोमध आले तर तीन मिलिमीटरचा पत्रा खोलगट होतो. अशा वापरासाठी पट्ट्या जवळ जवळ हव्यात, तळाला यंत्र बांधायच्या कड्या थेट चौकटीला जोडलेल्या हव्यात आणि मागचा फाळका उतारासारखा खाली टेकता यायला हवा, नाहीतर चार माणसे फळ्या लावून यंत्र ढकलत चढवतात आणि कुणाचा तरी पाय सापडतो. यंत्र कुठे ठेवायचे हाही प्रश्न आहे. दोन चाकी ट्रॉलीत ॲक्सलपासून हूक बारा फुटांवर असेल आणि पाच टनांचा मध्य ॲक्सलच्या एक फूट पुढे असेल, तर हुकावर सुमारे चारशे किलो येतात, ते ठीक. तोच मध्य अडीच फूट पुढे गेला की हुकावर एक टन येतो आणि ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. उलट यंत्र अगदी मागे ठेवले तर दांडी वर उचलते आणि मागच्या चाकांची पकड सुटते. चढावर ओढ लागावी म्हणून साखळी हुकाऐवजी वरच्या लिंकला बांधणारे महाभागही आहेत. ओढ मागच्या ॲक्सलच्या वरून लागली की ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटू शकतो, म्हणून ती जागा ओढण्यासाठी नाहीच. हुकातली पिन निसटली तरी ट्रॉली सुटू नये यासाठी वेगळी साखळी हवी. ट्रॉलीच्या किमतीत तिचा खर्च शोधूनही सापडणार नाही.

दोन चाकी की चार चाकी, यावर पारावर तास रंगतात. थोडक्यात, लहान वावर, अरुंद धुरे आणि रोजची उलटसुलट वळणे असतील तर दोन चाकी. पाच टनांच्या वर आणि बहुतांश डांबरी रस्ता असेल तर चार चाकी, कारण तिचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर जवळजवळ येत नाही. हायड्रॉलिक ट्रॉली मुरूमवाल्याला लागतेच. शेतकऱ्याने ती घ्यावी की नाही हे हमाली किती वाचते यावर ठरवावे, आणि घेतली तर हौदा वर करण्याआधी डोक्यावरची विजेची तार बघावी.

गावच्या वर्कशॉपचा मुद्दा उरतो. कंपनीची ट्रॉली महाग, सुटे भाग दूर. गावचा कारागीर हाकेच्या अंतरावर, उधारी देतो, रात्री दहाला वेल्डिंग करून देतो. हा युक्तिवाद भक्कम आहे आणि तो मोडावा असेही काही नाही. कारागिराचा हात चांगला असतो. उणीव असते ती मागणीत. ‘चांगली मजबूत बनवा’ असे सांगितले की तो गिऱ्हाईकाच्या मुठीला आवाज देणारा पत्रा लावतो. ‘पाच टन नेणार आहे, ॲक्सल ७५ चा, चॅनेल १०० चे, पट्ट्या इतक्या इंचांवर’ असे कागदावर दिले की तोच माणूस तशी बांधून देतो. शेतीच्या ट्रेलरसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ८२१३’ हे मानक आहे, ते समोर ठेवून बोलता येते. दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे. ते ट्रॅक्टरचे शेपूट नसून वेगळे वाहन आहे आणि त्याची नोंदणी वेगळी. बिननोंदणीची ट्रॉली वर्षानुवर्षे चालते, पण अपघातानंतर विम्याचा दावा येतो तेव्हा हाच कागद पहिल्यांदा मागितला जातो. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. ट्रॉलीत बसलेली माणसे कायद्याच्या दृष्टीने प्रवासी होऊच शकत नाहीत, मग ती वऱ्हाडी असोत की शेतमजूर.

शेवटचा आक्षेप खिशाचा: वर्षातले तीन-चार महिने वापर, त्यासाठी एवढा विचार कशाला? पण वर केलेल्या हिशेबात जास्तीचे लोखंड ३५ किलो निघाले आणि पत्र्याची जाडी एका मिलिमीटरने आवरली तर उलट वजन उरते. खरा जादा खर्च ब्रेक, चांगले बेअरिंग आणि चांगले टायर यांचा. हंगाम छोटा असतो म्हणूनच तो टाळता येत नाही. सोयाबीन काढून पडलेले असताना आणि आभाळ भरून आलेले असताना हब गरम होऊन बेअरिंग बसले, तर उरलेल्या आठ महिन्यांची विश्रांती कामाला येत नाही. जुनी ट्रॉली घेणाऱ्याने चाक जॅकवर उचलून हाताने हलवून पाहावे, कमानीचे पाटे मोजावेत, यू बोल्टचे नट जागेवर आहेत का बघावे, आणि दांडीच्या मुळाशी रंग खरवडून तडा शोधावा. विकणारा खरवडू देत नसेल तर उत्तर तिथेच मिळाले. बाकी एक काम अनसिंगच्या कुठल्याही ट्रॉलीमालकाला पुढच्या फेरीला जमण्यासारखे आहे. माल उतरवल्यावर काट्यावर रिकाम्या ट्रॉलीचे वजन होतेच, कारण मालाचे वजन त्यातूनच वजा करून काढतात. त्या पावतीवरचा आकडा एकदा ट्रॅक्टरचे वजन वजा करून दांडीवर रंगाने लिहावा आणि त्याच्याखाली, बांधणाऱ्याला विचारून, ती किती क्विंटल पेलते तो दुसरा आकडा. मुरूम भरणाऱ्या मजुरांना फाळक्याच्या आत त्याप्रमाणे एक आडवी रेघही मारून देता येईल; दहा बाय सहाची ट्रॉली २५ क्विंटलच पेलणारी असेल तर तळापासून एका फुटाच्या जरा खाली.