गीताचे मोल

परभणीच्या आकाशवाणीवरून लागलेले गीत श्रोत्यास विनामूल्य ऐकावयास मिळते. परंतु त्यामागे कवी, संगीतकार व गायक यांचे श्रम असतात. त्या श्रमांच्या मोबदल्यास स्वामित्वधन म्हणतात. १९५७ च्या कायद्याने या हक्कास संरक्षण दिले. २०१२ च्या दुरुस्तीने कवी व संगीतकार यांचा वाटा दृढ केला. तसेच कायद्यानुसार ठरलेला दर भरून, मालकाच्या वेगळ्या संमतीवाचून गीते वाजविण्याची सोय रेडिओ केंद्रांना दिली. मात्र इंटरनेटवरील सेवांना ही सोय लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. त्यामुळे अशा सेवेला गीतांच्या मालकांशी स्वतंत्र करार करावे लागतात. मोठ्या सेवेस हा खर्च पेलतो. लहान सेवेस तो जड जातो. कलावंताचे श्रम फुकट जाऊ नयेत आणि लहान सेवेचा आवाजही बंद पडू नये, असा दर ठरविणे हाच खरा न्याय होय.