गव्हाण आधीं, दुग्धालय मागाहून

दुधाच्या उत्पादनांत आपला देश आज जगांत अग्रस्थानीं आहे, ही गोष्ट आतां शाळेंतील मुलेंही सांगतात. सन २०२३-२४ मध्यें देशांत सुमारें २३ कोटी ९० लक्ष टन दूध निघालें. दरमाणशीं रोजचा वांटा सुमारें ४७१ ग्रॅम पडला. या आंकड्यांचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? परंतु हें दूध मुख्यत्वें जनावरांच्या विपुल संख्येमुळें निघतें. एकेका जनावराचें दूध पाहिलें, तर या व्यवसायांत पुढारलेल्या देशांच्या आपण फार मागें आहों. यास्तव ‘दूध किती निघतें?’ याच्या आधीं ‘जनावर काय खातें?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. खानदेशच्या जळगांव व धुळें या जिल्ह्यांपुरता त्याचा विचार येथें करूं.

दूध विकावें कसें, हें कोडें मागील पिढीनें बव्हंशीं सोडविलें. सन १९४६ मध्यें गुजराथेंतील खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनीं त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखालीं सहकारी संघ उभारला. पुढें वर्गीज कुरियन यांनीं त्याचा व्याप वाढविला. १९६५ सालीं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालें आणि १९७० पासून दुग्ध महापूर योजना देशभर पसरली. जळगांव जिल्ह्याचा सहकारी दूध संघ त्याच वाटेनें चालला. त्याचें ‘विकास’ दूध तेथें घरोघरीं ओळखीचें आहे. संकलन झालें, शीतगृहें झालीं, वाहतूक झाली. पण आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

खानदेशचा जुना थिल्लारी, म्हणजे खिल्लार जातीचा, गोवंश नांगराचा व गाडीचा. दुधासाठीं त्याची ख्याति कधींच नव्हती. तरी गोठ्यास घरचा आधार असे. तापीकांठच्या काळ्या जमिनींत रब्बीची दादर ज्वारी पिके. माणसास भाकर व जनावरास कडबा एकाच शेतांतून मिळे. कपाशीची सरकीही हाताशी असे. पुढें कापूस आणि केळी या नगदी पिकांनीं ज्वारीची पुष्कळ जागा घेतली. प्रपंचास रोकड लागते, म्हणून यांत शेतकऱ्यास दोष देतां येणार नाहीं. परंतु केळीच्या बागेंतून कडब्याची गंजी निघत नाहीं, हेंही खरें. मग वैरण व पेंड विकत घ्यावी लागते. दुधाच्या उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग जनावराच्या खाद्यावरच जातो, आणि दुधाचा भाव उतरला म्हणून पेंडीचा उतरतोच असें नाहीं. २०२४ सालीं दुधाचे भाव पडले तेव्हां महाराष्ट्र शासनास गायीच्या दुधावर लिटरमागें प्रथम ५ व नंतर ७ रुपये अनुदान द्यावें लागलें. अनुदान हें औषध आहे, अन्न नव्हे.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा आहे, असें शहरांतील गृहिणींनीं समजूं नये. २०१८ सालीं भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणानें देशभरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळें आरोग्यास घातक ठरलेले नमुने अवघे १२ निघाले. परंतु अफलाटॉक्सिन एम-१ नांवाचें विष मर्यादेपेक्षां अधिक असलेले नमुने ३६८ होते! हें विष गवळी मिसळीत नाहीं. दमट जागीं ठेवलेल्या पेंडीस वा धान्यास बुरशी येते, तें खाद्य जनावर खातें आणि विष दुधांत उतरतें. दूध उकळल्यानें तें जात नाहीं. म्हणजे आपल्या लेंकरांच्या पेल्यांतील दुधाची शुद्धता दूर खेड्यांतल्या गव्हाणींत ठरते.

रोगाचीही गोष्ट अशीच आहे. २०२२ च्या सांथींत महाराष्ट्रांत लम्पी रोगाची पहिली नोंद ऑगस्टांत रावेर तालुक्यांतील चिनावल येथें झाली, आणि थोड्याच महिन्यांत तो राज्यभर पसरला. शेळ्यांच्या देवीची लस टोंचून त्यास आवर घालावा लागला. सांथीपासून संरक्षण लसच देते; परंतु दुखण्यांतून उठण्यास अंगीं बळ लागतें, आणि तें पोटभर वैरणीवांचून येत नाहीं.

तेव्हां आमच्या मतें कामांचा क्रम असा असावा: प्रथम चारा, मग वेळेवर लस व पशुवैद्य, आणि त्यानंतर नवीं यंत्रें व इमारती. खानदेशांत मका भरपूर होतो. त्याचा मुरघास करून ठेविल्यास उन्हाळ्याची चिंता पुष्कळ हलकी होईल. पेंडीचीं पोतीं जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर, कोरड्या जागीं ठेवावीं, यास खर्च तो कितीसा? ही विद्या मात्र जिच्या हातांत वैरणीची पेंढी असते तिला आधीं मिळाली पाहिजे. ‘दुहितृ’ शब्दाचा संबंध निरुक्तांत ‘दुह्’ धातूशींही जोडला आहे. आजही शेणपाणी आणि धार काढणें हें बहुधा घरच्या स्त्रियाच करतात, पण पशुसंवर्धनाच्या सभांना बोलावणें जातें तें पुरुषांना!

आमच्या वाचकांपैकीं अनेकांची गांवीं थोडीबहुत शेती आहे. त्यांनीं एखादें वावर दादरीसाठीं राखावें. ज्यांची शेती नाहीं, त्यांनीं दूधवाल्यास ‘पाणी किती घातलेंस?’ एवढेंच न विचारतां, ‘गायीला काय घालतोस?’ हेंही विचारावें. उत्तर ऐकण्यासारखें असेल.