पगार सांगायची लाज, सल्ला विचारायचा संकोच

रविवारी आमच्या अभ्यासिकेतली बैठक संपली की चप्पल घालता घालता खरे प्रश्न निघतात. एकदा एका मुलाने हळूच विचारले, "दादा, नोकरी बदलतोय. पीएफ काढून घेऊ का?" नोकरीला साडेतीन वर्षे झालेली, घरात बहिणीचे लग्न. तीन-चार जण एका सुरात म्हणाले, काढून टाक, आपलाच पैसा आहे. सायबर कॅफेवाला टक्केवारीवर काम करून द्यायला तयारच होता.

पैसा आपलाच, हे खरे. पण सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी पीएफ काढला तर त्यावर सर्वसाधारणपणे प्राप्तिकर लागतो. तोच पैसा यूएएनवरून नव्या कंपनीच्या खात्यात वळवला तर आधीची वर्षेही धरली जातात. शिवाय मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के, ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, पेन्शन योजनेत जातात. पेन्शनच्या हक्कासाठी 10 वर्षांची सेवा लागते. ते पैसेही उचलले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि दावा ऑनलाइन भरायला शुल्क नाही. हे सगळे आम्हाला गटातल्याच, लेखा विभागात काम करणाऱ्या एका ताईंनी सांगितले. त्या दर रविवारी येत होत्या. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

आपल्यातले बरेच जण घरातले पहिले पगारदार. आईवडिलांनी कष्टाचा पैसा जपला, पण पगाराची स्लिप त्यांच्या हाती कधी आली नाही. ऑफिसात सीनियरला विचारावे तर गोष्ट आडनावावर आणि तिथून आरक्षणावर जाते. वस्तीत आपण 'साहेब' झालेलो, तिथे माहीत नाही म्हणायची लाज. मग उरतो एजंट.

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सबाबत सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचा सल्ला लोकांनी जातीमुळे नाकारला. आपल्यातला जाणकार आपणही न विचारताच घरी पाठवतो, तेव्हा वेगळे काय करतो?

मात्र विचारायचे तर पूर्ण विचारावे. "कर्ज घेऊ का?" एवढ्यावर कोणीही काय सांगणार? हातात येणारा पगार, चालू हप्ते, गावी जाणारे पैसे, घरात कमावणारे किती, हे सांगितले तरच उत्तर कामाचे. आणि सांगणाऱ्याला एक प्रश्न न लाजता करावा: माझ्या निर्णयातून तुम्हाला काही मिळणार आहे का? बुद्धांनी दीघजाणूला गृहस्थाच्या हिताच्या गोष्टी सांगताना कमाई, तिचे रक्षण आणि बेताचा खर्च यांच्या जोडीने कल्याणमित्राची संगत सांगितली. 'जयभीम' म्हणत साखळी योजना घेऊन येणारा त्यात बसत नाही, मग तो मोर्चात आपल्या शेजारी चाललेला का असेना. (आम्हीही एकदा फसलो आहोत.) मामाने गळ्यात मारलेली विमा पॉलिसी नको असेल तर ती हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, काही किरकोळ खर्च वजा होऊन हप्ता परत मिळतो. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते.

सर्वात अवघड आहे ते पगाराचा आकडा सांगणे. आमच्याच क्षेत्रात, एकाच प्रकल्पावर, एकाच पदावर दोघे होते. एकाला 18 हजार, दुसऱ्याला 26 हजार. दोघे एकाच बसने यायचे. कमी घेणाऱ्याला हे कळले ते प्रकल्प संपल्यावर. आता मुलाखतीला जाण्याआधी आमच्यातले जण एकमेकांना फोन करून आकडा विचारतात. सुरुवातीला फार अवघडल्यासारखे झाले, अजूनही थोडे होतेच.

त्या मुलाने पैसे वळवण्याचा अर्ज अभ्यासिकेतच बसून मोबाईलवर भरला. लग्नाला नेमके किती कमी पडतात हे मांडले तेव्हा तूट 40 हजारांची निघाली. आईच्या बचत गटाचे कर्ज मिळेल का, हे विचारायला तो दुसऱ्या दिवशी गेला.