ग्रामीण अमेरिकेतील आरोग्यविमा : हप्ता आणि खरा खर्च

ज्या कुटुंबांना नोकरीतून आरोग्यविमा मिळत नाही, त्यांच्यासाठी अमेरिकेत २०१० च्या कायद्याने सरकारी देखरेखीखालील 'विमा बाजारपेठ' निर्माण झाली. या विम्याचा लाभ १ जानेवारी २०१४ पासून मिळू लागला. शेतकरी, छोटे दुकानदार व हंगामी मजूर यांना तिचा मोठा आधार आहे.

ग्रामीण भागात मात्र डॉक्टर व रुग्णालये मोजकीच, त्यामुळे विमा कंपन्याही मोजक्याच. २०१८ मध्ये देशातील सुमारे निम्म्या काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, एकच कंपनी होती. स्पर्धा नसली की हप्ता चढतो. यावर उपाय म्हणून सरकारी साहाय्य दिले जाते. पात्र कुटुंबाने किती भरायचे हे त्याच्या मिळकतीवरून ठरते. त्या भागातील दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त 'रौप्य' योजनेच्या हप्त्यातून ती रक्कम वजा केली की साहाय्याचा आकडा मिळतो. म्हणजे हप्ता वाढला की साहाय्यही वाढते.

'कांस्य' योजनेचा हप्ता कमी असतो. पण ती उपचारखर्चाचा सरासरी ६० टक्के भार उचलते, रौप्य ७० टक्के. शिवाय दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंत मिळकत असलेल्या पात्र कुटुंबाला रुग्णालयात स्वतः भरावयाच्या रकमेत मिळणारी सूट साधारणपणे रौप्य योजनेतच लागू होते. केवळ हप्ता पाहून कांस्य घेणारा मजूर ही सूट गमावतो आणि आजारपणात कर्जात पडतो. जवळचे रुग्णालय कंपनीच्या यादीत नसेल, तर स्वस्त विमाही महाग ठरतो.

म्हणून निवड करताना हप्ता, सूट व रुग्णालय या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.