सुखान्ताची ओढ

आपण ज्या वाङ्मयप्रकाराला कादंबरी म्हणतों, त्याचें नांवच मुळांत एका प्रेमकथेवरून आलेलें आहे. सातव्या शतकांत हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टानें 'कादंबरी' नांवाचा गद्य ग्रंथ लिहावयास घेतला. तो पुरा होण्यापूर्वींच बाणाचें निधन झालें आणि उरलेला भाग त्याच्या मुलानें लिहून काढला. कादंबरी हें त्या कथेंतील नायिकेचें नांव. शिवाय संस्कृतांत या शब्दाचा मद्य असाही एक अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी 'नॉव्हेल'ला मराठी नांव देतांना आपल्या पूर्वजांनीं हाच शब्द उचलला. तेव्हां प्रणय आणि धुंदी या दोन्ही गोष्टी कादंबरीला नांवाबरोबरच आंदण मिळाल्या, असें म्हणावयास हरकत नाहीं. सुशिक्षित घरांतून कादंबरीकडे पाहण्याची एक दुहेरी दृष्टि असते. ती हवीशी तर वाटते. पण घरांतल्या मुलीच्या हातीं ती दिसली कीं वडील माणसांच्या कपाळाला आठी पडते. या दुहेरीपणाचें बीज कदाचित् नांवांतच असावें.

आज मला बोलावयाचें आहे तें कादंबरीच्या सर्वांत हलक्याफुलक्या जातीविषयीं. हिच्यांत सहसा कोणी मरत नाहीं, कोणाचा कायमचा वियोग होत नाहीं. दोन शहाणीं परंतु हट्टी माणसें तीनशें पानें एकमेकांशीं वाद घालतात आणि शेवटच्या पानावर त्यांचें लग्न ठरतें. टीकाकार अशा पुस्तकांची दखल घेत नाहींत. परंतु त्यांचे वाचक इतके एकनिष्ठ असतात कीं, तेंच पुस्तक दहा-दहा वेळां वाचून त्यांना कंटाळा येत नाहीं. असें कां व्हावें, हा आजचा प्रश्न.

या जातीचा इंग्रजींतील प्रसिद्ध नमुना म्हणजे रीजन्सी काळावरील प्रणयकादंबरी. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळें राज्य करण्यास असमर्थ झाला, तेव्हां १८११ पासून १८२० मध्यें तो मरण पावेपर्यंत त्याचा थोरला मुलगा रीजंट, म्हणजे राजप्रतिनिधि, या नात्यानें कारभार पाहत होता. ही नऊ वर्षें म्हणजे रीजन्सी. जेन ऑस्टेन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ मध्यें निघाली. १८१५ च्या अखेरीस निघालेली 'एमा' तर त्या राजप्रतिनिधीलाच अर्पण केलेली आहे. ऑस्टेनबाई आपल्या डोळ्यांपुढील समाजाविषयीं लिहीत होत्या. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं जॉर्जेट हेयर या लेखिकेनें त्याच काळाकडे मागें वळून पाहिलें. १९०२ मध्यें जन्मलेल्या हेयरबाईंनीं आपली पहिली कथा सतराव्या वर्षीं रचली, ती आजारी भावाचें मन रमविण्याकरितां. ती १९२१ मध्यें ग्रंथरूपानें बाहेर आली. १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून त्यांना आपलें खरें क्षेत्र सांपडलें आणि १९७४ मध्यें त्यांचें निधन होईपर्यंत त्या लिहीत राहिल्या. त्या काळचे पोषाख, गाड्या, नृत्यसमारंभ, तरुणांच्या तोंडची बोली यांचा त्यांनीं बारकाईनें अभ्यास केला होता. आज इंग्रजींत या प्रकारच्या कादंबऱ्यांचा जो मोठा संसार उभा आहे, त्याचें मूळ घर हेयरबाईंचें.

आतां पहिला आक्षेप असा कीं, ज्या गोष्टीचा शेवट पहिल्या पानावरच कळतो, ती वाचण्यांत मौज ती काय? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीं इंग्लंडला जावयास नको. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'सौभद्र' १८८२ मध्यें रंगभूमीवर आलें. सुभद्रा अखेर अर्जुनाला मिळणार हें नाटकगृहांतील लहान पोरालासुद्धां ठाऊक असतें. बलरामानें तिला दुर्योधनास देण्याचा घाट घातला म्हणून कोणाही प्रेक्षकाच्या जिवाला घोर लागत नाहीं. अर्जुन संन्याशाच्या वेषांत येतो, बलराम त्याच्या पायां पडतो, आणि कृष्ण सगळें जाणून अजाणतेपणाचें सोंग आणतो. हें पाहण्यासाठीं लोकांनीं त्याच नाटकाला पुनःपुन्हां गर्दी केली. याचें कारण उघड आहे. शेवटाची चिंता मिटली म्हणजे मन मोकळें होतें आणि वाटेवरच्या प्रत्येक वळणाची गंमत घेऊं लागतें. गवई समेवर येणार हें ठाऊक असल्यामुळेंच तो तेथपर्यंत कसा येतो याकडे आपले कान लागतात. हलक्याफुलक्या प्रणयकादंबरीचा वाचक हा असा समेची वाट पाहणारा श्रोता असतो.

दुसरें आकर्षण नियमांचें. कोणी कोणाला आधीं नमस्कार करावा, कोणत्या घरीं किती वेळ बसावें, तरुण मुलीनें कोणाबरोबर फिरावयास जावें, हें सर्व त्या समाजांत ठरलेलें असतें. जेथें नियम कडक, तेथें लहानशी कृतीही मोठी होते. एखादें पत्र किंवा क्षणभर हातांत राहिलेला हात यांना जें वजन येतें, तें सर्व कांहीं मोकळें असलेल्या जगांत येत नाहीं. मराठी वाचकाला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. माजघर आणि ओसरी यांच्यामधला उंबरठा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना त्या उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या पावलाचा अर्थ बरोबर कळतो.

तिसरें आकर्षण संवादाचें, आणि येथेंच या कादंबरीच्या हलकेपणाखालीं दडलेला गंभीर प्रश्न हातीं लागतो. ऑस्टेनबाईंच्या काळीं मध्यम स्थितींतील मुलीला लग्नावांचून निर्वाहाचें दुसरें साधन जवळजवळ नव्हतें, आणि घरची जमीन तर पुष्कळदां लांबच्या पुरुष वारसाकडे जात असे. अशा स्थितींत ती मुलगी एखाद्या श्रीमंत गृहस्थाची मागणी नाकारते, त्याच्याशीं बरोबरीनें वाद घालते आणि त्याला आपलें मत बदलावयास लावते. तेव्हां वरवर थट्टा चाललेली असली तरी माझें आयुष्य कोणाच्या हातीं द्यावयाचें हें ठरविण्याचा अधिकार मला आहे कीं नाहीं, हा तिचा प्रश्न असतो. हाच प्रश्न आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९९ च्या 'शारदा' नाटकांत करुण स्वरांत मांडला. प्रणयकादंबरी तोच प्रश्न हंसत मांडते, इतकेंच.

या दृष्टीनें मराठींतील प्रा. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांकडे पाहावें. त्यांची 'जादूगार' १९२८ मध्यें आणि 'दौलत' १९२९ मध्यें प्रसिद्ध झाली. मुलीच्या लग्नाचें किमान वय १४ वर्षें ठरविणारा शारदा कायदाही १९२९ चाच. (हरबिलास सारडा यांच्या नांवाचा हा कायदा आणि देवलांची शारदा यांचें नामसादृश्य केवळ योगायोगाचें.) मुली शाळेंतून कॉलेजांत जाऊं लागल्या होत्या, आणि विवाहापूर्वीं तरुण-तरुणींनीं एकमेकांशीं बोलावें ही गोष्ट प्रथमच शक्य होऊं लागली होती. पण बोलावें कसें? आवड दाखवावी कशी आणि नकार द्यावा कसा? याचा वस्तुपाठ घरांत नव्हता, कारण आई-आजींना तो प्रसंगच आला नव्हता. फडक्यांच्या टापटिपीच्या, सुंदर, किंचित् स्वप्नाळू नायक-नायिकांनीं त्या पिढीला ही भाषा पुरविली. त्यांच्या कादंबरींत जीवनाचे चटके नाहींत असा आक्षेप आला, आणि फडके व वि. स. खांडेकर यांच्या नांवांभोवतीं 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा वाद गाजला. परंतु ज्या मुलींनीं या कादंबऱ्या वाचल्या, त्यांच्यापुरती ती कला जीवनाच्या अगदीं जवळची होती.

येथें आणखी एक प्रश्न सहज सुचतो. इंग्रजांनीं आपल्या १८११ ते १८२० या काळावर इतक्या प्रसन्न कथा लिहिल्या. त्याच वर्षांतील आपल्या पेशवाईवर मराठींत तशा कथा कां नाहींत? नाशिककरांना याचें उत्तर गांवाच्या वेशीबाहेरच मिळेल. गंगापूरच्या वाटेवर आनंदवल्ली लागते. तें नांव राघोबादादांच्या आनंदीबाईंशीं निगडित. पुढें गंगापुरास गोपिकाबाईंचें वास्तव्य. या माउलीचा एक मुलगा १७६१ मध्यें पानिपतावर पडला, दुसरा १७७२ मध्यें क्षयानें गेला, तिसऱ्याचा १७७३ मध्यें शनिवारवाड्यांत खून झाला. पुढें १८१८ मध्यें दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि त्याच सालीं नाशिकही कंपनीच्या हातीं गेलें. ज्या काळाची आठवण घर हरवल्याची आठवण आहे, त्यावर सहजपणें विनोद सुचत नाहीं. म्हणूनच रणजित देसाई यांची १९६२ ची 'स्वामी' किंवा ना. सं. इनामदार यांची १९७२ ची 'राऊ' यांत प्रीति आहे, परंतु तिचा शेवट डोळे पुसण्यांत आहे. वॉटर्लूची लढाई १८१५ मध्यें जिंकलेल्या राष्ट्राला आपला भूतकाळ दिवाणखान्यासारखा वापरतां येतो. आपल्याला तो देव्हाऱ्यासारखा वाटतो. आपली हलकीफुलकी प्रणयकथा वर्तमानकाळांत किंवा पुराणांत रमली, तिचें हें एक कारण असावें.

यावरून दुसरी गोष्टही ध्यानांत यावी. दिवाणखाना सजवितांना पुष्कळ सामान दृष्टीआड ठेवावें लागतें. रीजन्सी काळांत १८१६ सालीं पिकें बुडून लोक अन्नास महाग झाले. १८१९ मध्यें मँचेस्टर येथें मतांचा हक्क मागणाऱ्या जमावावर घोडदळ घालण्यांत आलें. आणि कित्येक श्रीमंत घरांतील पैसा वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या किंवा हिंदुस्थानांतील प्रजेच्या श्रमांतून आलेला होता. प्रणयकादंबरी यांतील फारसें सांगत नाहीं. तिच्याकडून इतिहास शिकूं नये. पण जत्रेंतल्या आरशांत आपली उंची कोणी मोजीत नाहीं, आणि म्हणून त्या आरशापुढें उभें राहूंच नये असेंही कोणी म्हणत नाहीं.

कादंबरी मन बिघडविते, हा आक्षेप तर फार जुना आहे. ऑस्टेनबाईंनीं 'नॉर्थँगर ॲबी'मध्यें कादंबऱ्यांची बाजू ठासून मांडली आहे. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर १८१८ हें साल आहे, म्हणजे आपली पेशवाई बुडाली तेंच. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्यें ते निर्दोष ठरले. ज्या पुस्तकांना आपण क्षुल्लक म्हणतों, त्यांची आपल्याला भीतीही वाटते, हें मोठें नवल आहे. खरोखर क्षुल्लक वस्तूला कोणी कुलूप लावीत नाहीं. एखादी स्त्री तासभर कोणाच्याही उपयोगाची नसलेली गोष्ट केवळ स्वतःच्या सुखासाठीं करते, हेंच पुष्कळ घरांना मनांतून खुपत असतें. पुस्तक हें निमित्त.

ह्या सुखाची किंमत किती, याचें एक उदाहरण सांगतों. रूमानियांतील एक स्त्री राजकीय कैदी म्हणून बारा वर्षें तुरुंगांत होती. तेथें पुस्तक मिळत नसे. हेयरबाईंची १९४४ सालची 'फ्रायडेज चाइल्ड' ही विनोदी कादंबरी तिला आठवत होती. ती गोष्ट तोंडानें पुनःपुन्हां सांगून तिनें आपल्या सोबतिणींचा धीर टिकविला, आणि सुटल्यावर लेखिकेला पत्रानें तसें कळविलें. तुरुंगांतल्या त्या बायकांना गंभीर गोष्टींची वाण नव्हती. दुःख त्यांच्यापाशीं भरपूर होतें. वाण होती ती सर्व कांहीं ठीक होईल अशा जगाची.

आपल्या नाशिकला हें पटावयास अवघड जाऊं नये. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें, म्हणजे मराठींतील पहिल्या कादंबऱ्यांहूनही जुनें. आणि १९४२ च्या धामधुमीच्या वर्षीं येथें साहित्यसंमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षस्थानीं होते आचार्य अत्रे, महाराष्ट्राला हंसविणारे साहित्यिक. हरिभाऊ आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो?' सारखी हृदय पिळवटणारी कादंबरी ज्या साप्ताहिकांतून १८९० पासून क्रमशः दिली, त्याचें नांवही त्यांनीं 'करमणूक' असेंच ठेविलें होतें. करमणूक आणि विचार यांत सोयरीक होऊं शकते, हें त्यांना ठाऊक होतें.

तेव्हां श्रोतेहो, घरांतील कोणी प्रणयकादंबरी वाचीत असेल तर तिला ती उशीखालीं लपविण्याची पाळी आणूं नये. तिच्या शेजारीं 'पण लक्षांत कोण घेतो?' ठेवावी, दोन्ही वाचूं द्याव्या, आणि जमल्यास त्यांवर तिच्याशीं बोलावें. एका पुस्तकांत तिला दिसेल कीं, मुलींचें आयुष्य कसें होतें. दुसऱ्यांत दिसेल कीं, तें कसें असावें असें त्यांना वाटत होतें. या दोहोंमधील अंतर किती, हें ज्या मुलीला समजलें, तिचें वाचन वायां गेलें असें कोण म्हणेल?