लाल कोळ्याचा वैरी

मार्च सरला की दिल्लीत कोरडी, तापलेली हवा वाहू लागते आणि द्वारकेतल्या सोसायट्यांच्या गॅलऱ्यांमधले गुलाब, झेंडू, कुंडीतली वांगी एकाएकी निस्तेज दिसू लागतात. पानांवर पांढुरके ठिपके पडतात, पाने पिवळी पडून वाळतात, शेंड्यांवर बारीक जाळी धरते. हा लाल कोळी. शेजारच्या नजफगढ पट्ट्यातल्या भेंडी-वांग्यावर, तळेगावच्या पॉलिहाऊसमधल्या गुलाबावर आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरही तो किंवा त्याचे भाऊबंद असतातच. तो दिसला की हात पहिल्यांदा फवाऱ्याकडे जातो. पण हा कोळी डोईजड होतो त्याला बऱ्याच अंशी फवाराच कारणीभूत आहे, आणि त्याला आवरणारा शिकारी पुष्कळदा त्याच पानामागे असतो, असे मला पुराव्यानिशी म्हणायचे आहे.

लाल कोळी हा कीटक नव्हे. आठ पायांचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीव. तापमान तीस अंशांच्या आसपास असले की आठवडा-दीड आठवड्यात अंड्यापासून पूर्ण वाढलेली मादी तयार होते आणि ती शंभरावर अंडी घालू शकते. मीलन झाले नाही तरी तिची अंडी फळतात. त्यांतून नर निपजतात. नरात जनुकांचा एकच संच असल्याने औषध पचवण्याचा गुण झाकून राहत नाही. तो असलेला नर तगतो, नसलेला मरतो, आणि थोड्याच पिढ्यांत सगळी वस्ती निर्ढावते. नव्वदहून अधिक रासायनिक घटकांना या कोळ्याने दाद न दिल्याच्या नोंदी आहेत. त्याच्या शत्रूंना मात्र ही सवलत सहसा मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांतल्या सफरचंदाच्या बागांत डीडीटी आले, तेव्हा तोवर किरकोळ असलेले कोळी मोठी कीड होऊन बसले, कारण त्यांना खाणारे आधी मेले. मावा-तुडतुड्यांसाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड दिल्यावर काही पिकांत कोळी उलट वाढल्याचेही प्रयोगांत दिसले आहे.

आता त्याला खाणाऱ्याकडे पाहू. पान उलटून भिंगाखाली धरले तर लाल कोळी जाळीत जागच्या जागी रस शोषत बसलेले दिसतात. अंडी गोल, मोत्यासारखी. त्यांच्यामधून एखादा चकचकीत, नासपतीच्या आकाराचा जीव सारखा धावत असेल तर तो फायटोसीइडी कुळातला शिकारी कोळी. त्याची अंडी लांबट आणि मोठी असतात. त्याला डोळे नाहीत. पुढचे दोन पाय तो चालण्यासाठी न वापरता हवेत धरून चाचपत राहतो आणि वासावर भक्ष्य गाठतो. तो वासही नुसता भक्ष्याचा नव्हे. लाल कोळ्याने रस शोषलेली घेवड्याची पाने खास वायुरूप द्रव्ये सोडतात आणि शिकारी कोळी त्या दिशेने चालत येतात, हे १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या सबेलिस, डिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. भक्ष्य सापडले की त्याच्या शरीरातला रस शोषून रिकामे टरफल तिथेच सोडले जाते. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते: झाड मदत मागते, आणि आपण औषध मारून येणाऱ्यालाच मारतो.

यावर पहिला आक्षेप दिल्लीच्या हवेचा, आणि तो खरा आहे. जगात सर्वांत नावाजलेला शिकारी म्हणजे फायटोसीयुलस पर्सिमिलिस. १९५८ मध्ये चिलीहून आलेल्या ऑर्किडवर तो जर्मनीत सापडला, आणि १९६७ मध्ये यान कोपर्ट या डच काकडी-उत्पादकाने त्याच्या जोरावर व्यवसाय उभा केला. पण हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांखाली राहिली की त्याची अंडी सुकतात. मे महिन्यात द्वारकेत त्याचा निभाव लागायचा नाही. म्हणूनच परदेशी नावाच्या मोहात न पडता नियोसीयुलस लाँजिस्पिनोसस या इथल्याच शिकाऱ्याकडे पाहायला हवे. भारतात तो भेंडी, वांगी, गुलाब, स्ट्रॉबेरी अशा कितीतरी झाडांवर आपसूक आढळतो, आणि पाठीवरच्या लांब केसांमुळे जाळीतही सहज वावरतो. तरीही ऐन लूमध्ये त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये, कीड थोडी असतानाच, त्याला वाव द्यावा.

दुसरा आक्षेप असा की हा उपाय संथ आहे आणि कीड पूर्ण जात नाही. नाहीच जात, आणि जाऊही नये. सगळे लाल कोळी संपले तर शिकारी उपाशी मरेल किंवा निघून जाईल. चार ठिपकेवाली पाने सोसण्याची तयारी हवी. फुलाची निर्यात करणाऱ्याला ती परवडत नाही हे मान्य. गॅलरीतल्या गुलाबाला ती नक्की परवडते. मित्रकीटकांवर शेतकऱ्यांचा भरवसा बसत नाही, असेही म्हणतात. पण २००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा वाढलेल्या उसात फवारणीला शिरणेच अशक्य होते. डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी कीटकांनी तो मावा आटोक्यात आणायला मोठा हातभार लावला, हे महाराष्ट्रातल्या ऊसकऱ्यांनी पाहिलेले आहे.

शिकारी कोळी आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून आहेत ते राखणे हाच आजचा व्यवहार्य मार्ग. नीमतेल आणि गंधक नैसर्गिक असले तरी या शिकाऱ्यांना निर्धोक नाहीत. त्याऐवजी पानांच्या खालच्या बाजूने सकाळी पाण्याचा जोरदार फवारा द्या. लाल कोळी धुऊन जातात आणि ओलावाही थोडा वेळ टिकतो. अगदी जाळी धरलेले शेंडे खुडून टाका. आणि औषधाची बाटली उघडण्याआधी संशयित पान पांढऱ्या कागदावर झटकून पाहा: रेंगाळणाऱ्या ठिपक्यांमध्ये भराभर पळणारे ठिपके दिसले, तर निदान आठवडाभर ती बाटली बंदच ठेवा.