पाठीवरचे पोते आणि केसपेपरवरची ओळ

हंगामात लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची आवक वाढली, की आम्हां डॉक्टरांकडे कंबर धरून येणारे हमालही वाढतात. विमानतळावर 32 किलोंहून जड नग सहसा स्वीकारला जात नाही. लातूर-नांदेडचा हमाल मात्र 50 किलोंची पोती दिवसभर वाहतो. वाकून, कंबरेला पीळ देत ओझे उचलले, की मणक्यांमधील चकतीवर ताण येतो. ती सरकून मज्जातंतू दाबला गेला, तर कळ पायात उतरते.

आपल्या घरी असा कष्टकरी असेल, तर दोन गोष्टी ध्यानी ठेवा. पायातील बळ जाणे, जांघेत बधिरता येणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसताच त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

दुसरी गोष्ट कागदाची. कामावर झालेल्या इजेच्या भरपाईची जबाबदारी कायद्याने 1923 पासून मालकावर टाकली आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांनाही ते संरक्षण दिले. दाव्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते. म्हणून इजा कोठे, केव्हा, कोणते ओझे उचलताना झाली, हे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहवून घ्या. माथाडी मंडळाच्या नोंदणीचा कागदही जपून ठेवा.

व्यवसायाच्या आरंभी मी अशा रुग्णांच्या कागदावर केवळ ‘कंबरदुखी’ लिहीत असे. पुढे एकाने दाव्यासाठी तोच कागद मागितला, तेव्हा त्यात पोत्याचा उल्लेखच नव्हता. औषध मी योग्य दिले होते. पुरावा दिला नव्हता.